काळुंदर: पिलांवर पहारा देणारा मासा (आणि नाही, ही चिलापी नव्हे!)

मानसकाठ | शनिवार, रात्री ९:५०

गेल्या आठवड्यात आजोळी, दिवाडीला होतो. मामाच्या खाजनाला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताला, लागून मानस आहे. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो: मानस म्हणजे खाडीच्या बांधात बसवलेली लाकडी दारं. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच जोराने मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. माणसाने तिथे उभं राहायची गरज नाही. शेत खाऱ्या पाण्यापासून वाचतं आणि मानशीच्या आतल्या डबक्यात मासळी पोसली जाते.

पाऊस संपून बरेच दिवस झालेत, त्यामुळे आतलं पाणी गुडघाभर आणि अगदी नितळ होतं. बांधाचा एक जांभा चिरा निखळून आत पडलाय. त्या चिऱ्याच्या आडोशाला दोन मासे होते, तळहाताहून थोडे मोठे. काळपट हिरवा रंग, अंगावर सातआठ तिरके काळे पट्टे आणि खवल्यांवर रांगोळीच्या ठिपक्यासारखे पांढरे ठिपके. माझी सावली पाण्यावर पडली तशी आजूबाजूची पिल्लं-बिल्लं, शेवटे मासे, सगळे पांगले. हे दोघं हलले नाहीत. म्हणजे एक जरा मागे सरला, पण मी मनात दहा मोजेपर्यंत परत जागेवर.

मग मी बांधावर पालथाच पडलो. एक मासा चिऱ्याच्या कुशीला तोंड करून छातीचे पर सारखे हलवत होता, चुलीला वारा घालावा तसा. दुसरा चार हातांच्या घेरात फेऱ्या मारत होता. बोटाएवढा एखादा मासा जवळ आला की बाणासारखा त्याच्या अंगावर. थोड्या वेळाने दोघांनी जागा बदलल्या. चिऱ्याच्या खालच्या अंगाला पिवळट-तांबूस कण चिकटलेले दिसले, मोहरी पसरावी तसे. मी हात घालणार इतक्यात मामा मागून ओरडला, "हात लायनाका, तीं पिलां राखतात!"

मामा काळुंदर विकतो, खातो, पावण्यांना वाढतो. पण असा जोडीने राखणीला बसलेला मासा तो उचलत नाही.

तर हा काळुंदर. केरळात करिमीन, श्रीलंकेत कोरलिया. शास्त्रीय नाव एट्रोप्लस सुराटेन्सिस. बर्लिनचे डॉक्टर ब्लॉख यांनी १७९० मध्ये त्याचं वर्णन केलं तेव्हा नावात सुरत आली. एट्रोप्लस हे वंशाचं नाव नंतर क्युव्हिएने दिलं. ग्रीकमध्ये 'एट्रॉन' म्हणजे ओटीपोट आणि 'हॉप्लॉन' म्हणजे शस्त्र. पोटाशी हत्यार बाळगणारा! ते हत्यार कसलं, हे काळुंदर साफ करताना एकदा तरी बोट फोडून घेतलेल्याला सांगायला नको.

हा सिक्लिड कुळातला. या कुळात सतराशेच्या वर जाती, बहुतेक आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत. भारतात मूळच्या फक्त तीन: काळुंदर, त्याचा छोटा पिवळा भाऊबंद ज्याला मल्याळीत पळ्ळत्ति म्हणतात, आणि दक्षिण कर्नाटकातल्या नेत्रावतीकडचा कॅनरा काळुंदर, ज्याचं नामकरण फ्रान्सिस डे यांनी १८७७ मध्ये केलं. तो आज धोक्यात आहे. पश्चिम घाटातल्या नद्यांमध्ये माशांच्या किती जाती आहेत ते बघा आणि त्यात सिक्लिड तीनच. ही तीन डोकी इथे आली कुठून?

कुणी आणखी पाहिलं असेल तर लिहा. फोटो टाकला असता, पण माझ्या फोनने पाण्यातल्या ढगांचा उत्तम फोटो काढलाय.

खवलेखाऊ | शनिवार, रात्री १०:१५

छान लिहिलंय. पण ही चिलापीच ना? भिगवणला उजनीची चिलापी ढिगाने मिळते, दिसायला अशीच काळपट. नाव बदललं की भाव वाढतो, एवढंच.

मानसकाठ | शनिवार, रात्री १०:४०

@खवलेखाऊ, हा प्रश्न येणार हे माहीत होतं म्हणून शीर्षकातच लिहिलं होतं. :)

एकाच कुळातले आहेत, त्यामुळे चेहरेपट्टी जुळते. दोघांनाही नाकपुडी प्रत्येक बाजूला एकच. रोहू-कटल्याची बघा, दोन दोन असतात. पण फरक बाजारातच करता येतो. मासा उलटा धरा आणि गुदद्वारामागच्या पराचे टणक काटे मोजा. चिलापीला तीन, क्वचित चार. काळुंदराला बारा-तेरा. हेच ते ओटीपोटाचं शस्त्र. शिवाय काळुंदराचं तोंड अगदी इवलंसं असतं, अंग ताटलीसारखं चपटं आणि गोलट.

आणि वागणुकीत तर जमीन-अस्मानाचा फरक. मोझांबिक चिलापीची मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, पिल्लंही तोंडातच उबवते. नर खड्डा खणून मादीला रिझवतो आणि काम झालं की पुढच्या मादीच्या मागे. काळुंदर तोंडात काही घेऊन बसत नाही. अंडी दगडाला, लाकडाला, नारळाच्या सोडणाला चिकटवायची आणि आईबाप दोघांनी राखायची. उबेवर अवलंबून तीनचार दिवसांत अंडी फुटतात. मग पिल्लं तोंडाने उचलून शेजारी खणून ठेवलेल्या खळग्यात नेतात, तिथून दुसऱ्या खळग्यात. पोहायला लागली तरी आणखी कित्येक दिवस दोघं त्यांच्या घोळक्याबरोबर.

कुडाळचो_बाबू | शनिवार, रात्री ११:०५

आमच्याकडे पण कालुंदरच म्हणतत. माझो आजो खाडीत पागूक जायचो, तो एक गोष्ट सांगायचो. जोडीतलो एक पागात गावलो तर दुसऱ्याक सोडून येव नये, तो थयच घुटमळत ऱ्हवता. म्हणजे दुसऱ्यांदा पाग टाकलो की तो पण गावता! आजो दया म्हणून सांगायचो की हुशारी म्हणून, ता माका अजून कळला नाय.

मानसकाठ | शनिवार, रात्री ११:१२

बाबू, हे भारी आहे. आणि खरी मेख तीच आहे. ज्या स्वभावामुळे पिल्लं वाचतात, त्याच स्वभावामुळे पकडणाऱ्याचं काम सोपं होतं. आईबाप गेले की शेजारचे मासे काही मिनिटांत अंडी साफ करतात. एक मासा काढला असं वाटतं, प्रत्यक्षात अख्खी वीण गेलेली असते. त्यात यांची अंडीही काही लाखांत नसतात. कटला-रोहू लाखांनी अंडी सोडून मोकळे होतात. काळुंदराचा हिशेब शेकड्यांत, फार तर काही हजारांत.

दगडधोंडे | रविवार, सकाळी ७:३०

"ही तीन डोकी कुठून आली" हा प्रश्न माझ्या गल्लीतला आहे, म्हणून चहा बाजूला ठेवून लिहितो.

काळुंदराचे सगळ्यात जवळचे नातेवाईक आफ्रिकेत नाहीत. ते मादागास्करात आहेत. पॅरेट्रोप्लस नावाचा वंश, तिथले लोक त्याला दांबा म्हणतात. दोघांमध्ये एक गंमतशीर साम्य म्हणजे हवेच्या पिशवीची पुढची दोन शिंगं थेट कवटीला, कानाच्या भागाला जाऊन भिडतात. त्यामुळे यांना इतर सिक्लिडांपेक्षा चांगलं ऐकू येतं. मानसकाठ, तुझी सावली दिसायच्या आधी तुझी पावलं त्यांना ऐकू गेली असतील.

आता नकाशा बघा. भारत आणि मादागास्कर एकत्र जोडलेले आफ्रिकेपासून सुटले आणि सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी एकमेकांपासून तुटले. मादागास्कर तिथेच राहिलं, भारत उत्तरेला निघाला. वाटेत ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास आपला सह्याद्री ज्या लाव्ह्याचा बनलाय तो ओतला गेला. मासे त्या तराफ्यावर बसून आले असं धरलं तर काळुंदराच्या पूर्वजांनी दख्खनचा लाव्हा थंड होताना पाहिला असणार. वाचायला फार सुंदर वाटतं. मलाही वाटतं.

शंकेखोर | रविवार, सकाळी ९:०२

सुंदर वाटतं म्हणूनच शंका. सिक्लिडांचे सगळ्यात जुने जीवाश्म किती जुने आहेत? आणि जो मासा खाऱ्या पाण्यात मजेत राहतो त्याला भूखंडाचा तराफा कशाला लागतो? पोहत आला असेल.

दगडधोंडे | रविवार, सकाळी ९:४५

शंका रास्त. सगळ्यात जुने चांगले जीवाश्म टांझानियातल्या महेंगेचे, साधारण ४.६ कोटी वर्षांचे. म्हणजे भारत-मादागास्कर तुटल्यानंतर चार कोटी वर्षांनी. यावरून दोन तट आहेत. २००८ च्या जपानी संशोधकांच्या जनुकीय कालगणनेचा कल तराफ्याच्या बाजूने होता. २०१३ मध्ये दुसऱ्या गटाने जीवाश्मांच्या आधाराने सांगितलं की सिक्लिड कुळच मुळात इतकं जुनं नाही, म्हणजे समुद्र ओलांडूनच आले असणार. काळुंदर आणि दांबा दोघांत खारं पाणी सोसणाऱ्या जाती आहेत हे दुसऱ्या बाजूच्या पथ्यावर पडतं.

पण पोहत यायचं तर मग आफ्रिकेचे सिक्लिड इथे का नाहीत? मादागास्करचेच भाऊबंद का? मी अजून तराफ्यावरच बसलोय, पण एक पाय पाण्यात आहे.

वेंबनाडची_वैनी | रविवार, दुपारी १:२०

लग्न होऊन आलप्पुळ्याला आले त्याला एकोणीस वर्षं झाली. माहेर साताऱ्याचं, मासा म्हणजे नदीचा मरळ एवढंच माहीत. इथे पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी केळीच्या पानात बांधून तव्यावर भाजलेला करिमीन पुढ्यात ठेवला. छोटे कांदे, मिरी, आंबटाला कुडंपुळी. पानाचा वास माशात उतरलेला. काटे मात्र जपून.

इथे त्याचा मान वेगळाच. २०१० मध्ये सरकारने राज्यमासा म्हणून जाहीर केला आणि ते वर्ष करिमीनचं वर्ष म्हणून साजरं केलं. (आपल्याकडे पापलेटला हा मान २०२३ मध्ये मिळाला, मी लगेच सासूबाईंना सांगितलं. "समुद्रातला ना," म्हणाल्या, विषय संपला.)

पकडायची जुनी पद्धत बघण्यासारखी आहे. लांब दोरीला नारळाची कोवळी पांढरी पाती ओळीने बांधतात आणि दोन माणसं ती दोरी पाण्यातून ओढत नेतात. पांढरं काहीतरी सळसळत येतंय असं दिसलं की करिमीन घाबरून तळाच्या चिखलात तोंड खुपसतो. मागून येणारा माणूस बुडी मारतो आणि हाताने उचलतो. जाळं नाही, गळ नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो माणूस बुडाला असंच वाटलं होतं. दोन हातांत दोन मासे घेऊन वर आला.

पण आता वेंबनाड तळ्याचीच तब्येत बरी नाही. तण्णीरमुक्कमला १९७६ पासून बंधारा आहे. भातशेतीत खारं पाणी शिरू नये म्हणून उन्हाळ्यात दारं मिटतात. मानशीसारखंच म्हणाल, पण मानस दिवसातून दोनदा उघडते, हा महिनोन्‌महिने बंद. आतलं पाणी साचतं, जलपर्णी माजते, भरतीबरोबर यायची ती मासळी बाहेर राहते. वर हाउसबोटी. करिमीन गोड्या पाण्यातही जगतो म्हणून टिकून आहे, पण इथले जुने कोळी सांगतात तो आकार आता दिसत नाही. हॉटेलात ताटाएवढा मिळाला तर बहुधा तळ्यातला नाही, शेततळ्यात पाळलेला असतो.

खवलेखाऊ | रविवार, दुपारी २:०५

वैनी, भूक लागली. आणि काल रात्रीचं माझं विधान मागे घेतो. आज बाजारात जाऊन चिलापी उलटी धरून काटे मोजले. तीन. कोळीणबाई म्हणाल्या, "भाऊ, घ्यायची हाय का नुसती तपासणी?"

काचपेटी | रविवार, रात्री ८:३३

धागा उशिरा दिसला. मी बावीस वर्षं घरी टाक्या ठेवतोय, त्यातली पाच या कुळात गेली.

काळुंदर टाकीसाठी घेऊ नका. एका दुकानदाराने मला 'लहानच राहतो' म्हणून चार दिले. हा मासा साधारण वीस सेंमीचा होतो, चाळीसपर्यंत गेल्याची नोंद आहे. मोठा झाला की शेवाळ, वनस्पती हेच त्याचं मुख्य खाणं. माझी सगळी लावलेली झाडं पंधरा दिवसांत मुळासकट गेली. नर कोण मादी कोण हे विणीच्या वेळेखेरीज बाहेरून कळत नाही. तीन वर्षांत माझ्या चौघांनी एकदाही जोडी जमवली नाही, नुसती भांडणं. शेवटी मोठं तळं असलेल्या मित्राकडे दिले.

पळ्ळत्ति मात्र लोभस आहे. बोटभर लांब, आठेक सेंमी, पिवळाधमक, कुशीवर एक काळा ठिपका. माझ्याकडे दोनदा व्याले. पिल्लं पोहायला लागल्यावर एक गोष्ट दिसली ती अजून डोळ्यांपुढे आहे. आईबाप एका जागी स्थिर उभे राहायचे आणि पिल्लं एकेक करून त्यांच्या कुशीला झटकन टोचा मारून परत घोळक्यात. मी घाबरलो, वाटलं खाज सुटलीय की काय. नंतर कळलं की अंगावरचा चिकट स्राव ती खातात. दक्षिण अमेरिकेतला डिस्कस हेच करतो आणि त्यावर जगभर कौतुक होतं. आपला पळ्ळत्तिही करतो, त्याचं नाव कुणी घेत नाही. लोक चाळीस हजारांचा फ्लॉवरहॉर्न वास्तूसाठी घेतात, जो मुळात मलेशियात १९९० च्या दशकात संकर करून बनवलेला मासा. असो, हा माझा जुना रोग.

आता या दोघांचं नातं. वायमन आणि वॉर्ड यांनी १९७२ मध्ये नोंदवलं की पळ्ळत्ति काळुंदराच्या अंगावरची, परांवरची बुरशी आणि जीवजंतू टिपून साफ करतो. काळुंदर पर पसरून शांत उभा राहतो, न्हाव्यासमोर मान द्यावी तसा. गोड मैत्री वाटते ना? त्याच दोघांनी १९७७ मध्ये श्रीलंकेतल्या खाजणांतला अभ्यास छापला. त्यात हाच पळ्ळत्ति संधी मिळाली की काळुंदराची अंडी आणि पिल्लं खातो. मानसकाठ, तुम्ही पाहिलेला तो बोटाएवढा मासा, ज्याच्यावर पहारेकरी धावून जात होता, तो पिवळा होता का?

मानसकाठ | रविवार, रात्री ९:१०

@काचपेटी, पिवळट होता! मला वाटलं उगाच गरिबाला हाकलतोय.

शंकेखोर | रविवार, रात्री ९:२५

म्हणजे न्हावीच पाकीटमार. आता मला हा मासा आवडायला लागलाय.

जुरॉंगचा_जावई | सोमवार, सकाळी ६:५०

सिंगापूरहून. इथे सुंगेई बुलोहच्या खारफुटीत लाकडी पुलावरून खाली बघितलं की हाच मासा दिसतो, पट्टे-ठिपक्यांसकट. मी तीन वर्षं त्याला इथलाच समजत होतो. मग कळलं की हा इथे बाहेरून आणलेला, बहुधा शोभेच्या माशांच्या व्यापारातून सुटलेला. आपल्या गावचा माणूस परदेशात ओळख न देता शेजारी राहत असावा तसं वाटलं. आपल्याकडे चिलापी उपरी, इथे काळुंदर उपरा.

खवलेखाऊ | सोमवार, सकाळी ८:१५

चिलापी उपरी कधीपासून? आमच्या वडिलांच्या लहानपणापासून आहे.

काचपेटी | सोमवार, सकाळी ८:५०

वडिलांच्या लहानपणी नुकतीच आली असेल. मोझांबिक तिलापिया भारतात आणला १९५२ मध्ये, स्वस्त प्रथिनं मिळतील म्हणून. दोनतीन महिन्यांत वयात येतो, वर्षातून अनेकदा वितो, काहीही खातो, खारं पाणीही चालतं. ज्या उथळ, शेवाळाच्या काठाला काळुंदर चरतो आणि घर करतो, त्याच जागेवर हा खड्डे खणून बसतो. एक संथपणे वाढणारा, जोडीदार आणि दगड बघून संसार मांडणारा. दुसरा कुठेही मांडणारा. चिलापीचा दोष नाही म्हणा, तिला कुणी विचारून आणलं नव्हतं. गरिबाच्या ताटात तिने मासा आणला हेही खरं.

बरी गोष्ट म्हणजे काळुंदराची बी, म्हणजे पाळायची पिल्लं, आता पिंजऱ्यात, तळ्यात तयार होते. चेन्नईच्या खारपाणी मत्स्यपालन संस्थेने, सीबाने, त्यावर बरंच काम केलंय.

कुडाळचो_बाबू | सोमवार, दुपारी १२:३०

ह्या सगळा ठीक. पण रेशाद मसालो भरून तळलेल्या कालुंदराबद्दल कोणीच बोलाक नाय? पोटाकडून नाय, पाठीकडून चीर देवची. मसालो बसता आणि पोट फुटणा नाय. आणि खवला काढताना राख लावा, हातातसून निसटता.

वेंबनाडची_वैनी | सोमवार, दुपारी १:०५

राखेचं बरोबर. आम्ही मीठ आणि चिंचेचा चोथा लावतो, चिखलाचा वासही जातो.

मानसकाठ | पुढचा रविवार, सायंकाळी ७:४०

उशिरा येतोय. मामाशी काल बोललो, त्याला सगळा धागा वाचून दाखवला. तराफ्याचं ऐकून म्हणाला, कसेही आले असोत, मानशीतून आले. पिवळा मासा अंडी खातो हे मात्र त्याला माहीत होतं.

मंगळवारी चिऱ्यावरचे कण गेले होते. मामाला वाटलं संपलं. पण हातभर अंतरावर चिखलात वाटीएवढे तीन खळगे दिसले, त्यातल्या एकावर दोघं उभे. परवा तो खळगाही रिकामा आणि मधल्यात काहीतरी वळवळत होतं. काल उधाणाचं पाणी होतं, गढूळ, काहीच दिसलं नाही. आज सकाळी पाणी निवळलं तेव्हा जोडी तिथेच आणि त्यांच्या पोटाखाली धुरासारखा एक पुंजका, मोठे हलले की हलणारा. मोजता येण्यासारखा नाही, पण मामाच्या मते "दोनशें तरी".

मानशीच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, पुढच्या महिन्यात आहे. बोली कोण घेईल आणि ओहोटीला दाराला जाळं कधी लावेल, ते मामाच्या हातात नाही. बांधाचं काम करायला गवंडी मात्र आजच आला होता, तो पडलेला चिरा उचलून परत बसवायला. मामाने त्याला आधी पलीकडच्या टोकाचं भगदाड बुजवायला पाठवलंय. तिथलं काम दहा दिवस पुरेल म्हणतो.